चार इंजनं चालवणारा

मेहकर, ९ नोव्हेंबर २०२५

दादा, जय भीम.

सोबत माझ्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण आहे. टपालाने, कागदावर, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. फोनवर मी 'बाबा' म्हटलं की तुझ्याकडे कुणीतरी दार वाजवतं, आणि व्हॉट्सॲपवर तू नुसता अंगठा पाठवतोस. पण चुका असलेला कागद समोर पडला तर लाल पेन शोधल्याशिवाय तुला राहवणार नाही. वीस वर्षं वायुसेनेत इंजिनं तपासलेला माणूस तू, माझी पानं कशी सोडशील?

पुस्तक दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अवजड बॉम्बर विमानांवर आहे, पंख्याच्या, म्हणजे दट्ट्याच्या इंजिनांवर उडणाऱ्या. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला हे कुठून सुचलं, असं माझ्या नवऱ्यानेही विचारून झालं. मला त्या विमानांची एक गोष्ट सोडवत नाही. युद्ध संपलं होतं, जेट आलं होतं, आणि तरी जगातली हुशार माणसं आणखी दहा-बारा वर्षं जुन्याच इंजिनाला आणखी एक ओळ सिलिंडर जोडत राहिली. जेट तेल फार प्यायचं आणि त्यांना फार लांब जायचं होतं, हे कारण खरंच. पण मला वाटतं, जे हाताला सवयीचं असतं ते माणूस लवकर सोडत नाही. रशियनांनी तर त्यांच्याकडे येऊन उतरलेली तीन अमेरिकन बी-२९ विमानं उघडून तसंच्या तसं विमान बनवायला घेतलं आणि पहिल्याच पायरीला अडले: मूळ पत्रा इंचात मोजलेला, यांचे कारखाने मिलिमीटरचे. नक्कल करणंही सोपं नसतं बघ.

आता घरचं. डोणगावच्या शाळेत विज्ञानाची नवी खोली बांधून झाली आहे. तिला बाबांचं नाव द्यायचं ठरलंय. २६ जानेवारीला उद्घाटन. सरपंच गुलाबरावांनी पाटीचा मजकूरही ठरवून टाकलाय: 'बॉम्बर पायलट इंद्रभान हिवाळे विज्ञान कक्ष'.

सहा वर्षांपूर्वी त्याच शाळेच्या मैदानात बाबांच्या सत्काराला तू माइक घेतलास आणि म्हणालास, "माझे वडील पायलट नव्हते. इंजिन फिटर होते. हे आता बंद करा." खरंच बोललास. मागून कुणीतरी हसलं. बाबा खांद्यावरची शाल न काढता घरी आले, आणि तू संध्याकाळच्या गाडीने गेलास तो गेलास.

खोटी पाटी लागली तर तू पुन्हा गावात पाऊल ठेवणार नाहीस. आणि मी जाऊन ती पुसून घेतली, तर एक्क्याऐंशीव्या वर्षी बाबांना गावासमोर दुसऱ्यांदा खाली उतरवल्यासारखं होईल. मला दोन्ही नको. मला २६ तारखेला खरी पाटी हवी, तिच्याखाली बाबा हवेत आणि त्यांच्या शेजारी तू. कसं होणार ते अजून कळलेलं नाही, पण होईल, याबद्दल मला शंका नाही.

प्रकरण तपासून पाठव.

सारू


मेहकर, ३० नोव्हेंबर २०२५

दादा,

लिफाफा मिळाला. पान न् पान लाल, आणि घराबद्दल एक अक्षर नाही. मी तेवढ्यावरही खूश आहे. पंख्याचा व्यास मी चुकवला होता, ते दुरुस्त केलं. बी-५० हे मी 'नवे विमान' म्हटलं, त्यावर तू लिहिलंस की ते आधी बी-२९चंच पुढचं रूप होतं, तेच नाव चालणार होतं, मंजुरी मिळावी म्हणून नवं दिलं. तसंच लिहिलंय आता. इंजिन मात्र खरोखर नवं, नाही का? अठ्ठावीस सिलिंडर, चार ओळींत, मागच्यांनाही वारा लागावा म्हणून जरा पिळून बसवलेले. तिकडे त्याला 'मक्याचं कणीस' म्हणायचे. हे मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "कणसासारखं इंजन? मंग ते भाजत असंन." भाजायचंच, दादा. मागची ओळ तापायची ती तापायचीच.

पण शेवटच्या पानावर, जमिनीवर इंजिनाची चाचणी घेण्याच्या भागात, तू माझा एक शब्द खोडलास आणि बाजूला लिहिलंस: 'इंजिन "चालवणे" म्हणू नकोस. याच शब्दाने वाटोळं केलं.'

हे तांत्रिक नव्हतं. म्हणून रविवारी डोणगावला जाऊन आईला विचारलं, की बाबा पायलट आहेत हे पहिल्यांदा कुणी म्हटलं? ती भाजी निवडता निवडता हसायला लागली. तिच्या माहेरी, सोनाळ्याला, मागणी घातली तेव्हाच तिच्या बापाला सांगितलं होतं, की पोरगा चार इंजनांचं विमान चालवते. पुढे घरात सासूने तिला मूळ गोष्ट सांगितली. बाबा पुण्याहून सुट्टीवर आले होते. आजोबांनी विचारलं, तिथं काय करतं तू? बाबा म्हणाले, चार इंजनं चालवतो. आपल्याकडे विहिरीवरचं इंजन चालवतात ना, हँडल मारून सुरू करायचं, आवाज ऐकायचा, बिघडलं तर उघडायचं, तसं. आजोबांनाही तेच कळलं. त्यांनी चौकात जाऊन जसंच्या तसं सांगितलं. पण चौकातल्या माणसांना एसटी चालवणारा ठाऊक होता. संध्याकाळपर्यंत 'चार इंजनं'चं 'चार इंजनांचं विमान' झालं होतं, आणि आपला बाप त्याचा ड्रायव्हर.

दादा, यात खोटं कुणीच बोललं नाही. शब्द एकच, विहिरीवर त्याचा एक अर्थ आणि रस्त्यावर दुसरा.

मी आईला म्हटलं, तुला खरं कधी कळलं? लग्नानंतर क्वार्टरमध्ये गेली तेव्हा पहिल्याच दिवशी, म्हणाली. "पायलटचे हात कोपरापर्यंत काळे राह्यतेत का?" मग गावात सांगितलं का नाहीस? तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "काऊन सांगू? मले कुठं पायलट पाह्यजे होता."

पाट्या रंगवणारा अजहर येऊन गेला. पायलटमधला 'ट' जरा लफ्फेदार काढू का, विचारत होता. त्याला थांबायला सांगितलंय. पुढचं प्रकरण सोबत आहे. त्यात सहा इंजिनांचं बी-३६ आहे, आणि आपलं लिबरेटर, बाबांचं चार इंजिनांचं.

सारू


डोणगाव, २१ डिसेंबर २०२५

दादा,

या वेळी लाल पेनाखेरीज निळ्या शाईचं एक पान निघालं. ते मी मेहकरच्या बसस्टँडवर उभ्याने वाचलं, डोणगावची बस समोरून जाऊ दिली.

मला हे माहीतच नव्हतं. भरती झालास तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात विचारलं की कुणाचे वडील सेवेत होते, आणि तू छाती काढून उभा राहिलास, 'माझे वडील लिबरेटरवर पायलट होते, सर'. शिकवणाऱ्यांपैकी एक जुना माणूस त्याच स्क्वाड्रनमधला निघावा, त्याने हिवाळे नाव ओळखावं, आणि सगळ्या वर्गासमोर प्रेमानेच म्हणावं, 'अरे, इंद्रभान तर आमचा फिटर.' त्यानंतर तू 'पायलट' झालास. बदली झाली की नाव तुझ्या आधी पोचायचं. वीस वर्षं मेसमध्ये 'पायलटसाब, चहा घ्या'. आणि सुट्टीत गावी यावं, तर इथे पुन्हा तोच शब्द, हार घालून.

त्या दिवशी तू माइक का घेतलास, हे मला आता कळलं. मला वाटायचं तुला बाबांची लाज वाटली. नाही. तुझी स्वतःची वीस वर्षं तुझ्या तोंडून बोलली.

मी तुला न विचारता एक गोष्ट केली आहे, आणि ती बरोबर केली असं मला वाटतं. काल बाबांच्या उजव्या बाजूला बसले. डावा कान इंजिनांनी केव्हाच नेला, उजव्यात थोडं उरलंय. त्यांना आख्खं प्रकरण वाचून दाखवलं. बी-३६ पाशी त्यांनी हात वर केला. इंजिनं पंखाच्या मागच्या कडेला, पंखे मागे तोंड करून, हे त्यांना पटेना. पंखा ओढतो, ढकलत नाही, म्हणाले. मी म्हटलं, हे ढकलायचं. इंजिन पुढे तोंड करून ओढण्यासाठीच घडवलेलं, आणि मोठ्यांनी ठरवलं म्हणून उलटं बसवलं. मग तुझी लाल टीप वाचली: उलटं बसवल्यामुळे कार्बोरेटर समोरच्या थंड हवेत आला, त्यात बर्फ धरायचा, तेल जास्त जायचं आणि मागे आग लागायची. इंजिन वाईट नव्हतं, बसवलं चुकीच्या बाजूने.

बाबांनी माझ्या हातातल्या कागदाला बोट लावलं. मग म्हणाले, "हे धम्मूनं लिवलं?"

मी हो म्हटलं.

"पुना वाच."

तीनदा वाचायला लावलं, दादा. तुझा आवाज सहा वर्षांत त्यांनी ऐकला नव्हता, तो असा ऐकला.

लिबरेटरचा भाग मात्र त्यांनी डोळे मिटून ऐकला. इंग्रजांनी जाताना कानपूरला निकामी करून टाकलेली विमानं, आपल्या माणसांनी एकाचा भाग दुसऱ्याला लावून पुन्हा उडती केली, ती अडुसष्टपर्यंत उडाली. शेवटची चार वर्षं त्यांतल्या काहींची इंजिनं बाबांच्या हाताखाली होती.

आणि मग मी त्यांना तुझं निळं पान सांगितलं. वाचलं नाही, सांगितलं. ते काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. माझ्या शब्दांत ते पुस्तकी होईल.

"मी त्याले सांगाले पाह्यजे होतं. तो पाच-सा वर्साचा असंन, त्या पिंपळाखाली पोट्ट्यायले सांगे, माहा बाप इमान चालवते. तवा मी त्याचे डोये पाहो. ते इझवाले माहा हात उठला नाई, सारू. मंग तो मोठा झाला, अन् सांगाचं राहूनच गेलं."

नंतर ते उठून गोठ्याकडे गेले. शेळ्यांना चारा आधीच टाकलेला होता.

सारू


मेहकर, ११ जानेवारी २०२६

दादा,

पाटीचं ठरलं. मला काही करावं लागलं नाही. बाबा स्वतः काठी घेऊन ग्रामपंचायतीत गेले, मी फक्त मागे होते.

गुलाबराव खुर्ची देऊन म्हणाले, काका, चहा. बाबा म्हणाले, पाटीवर फिटर लिहा. गुलाबरावांना वाटलं, ऐकू न आल्याने काही घोटाळा होतोय, म्हणून ते मोठ्याने ओरडून पाटी वाचायला लागले. बाबा तितक्याच मोठ्याने म्हणाले, मले समजलं, तरी फिटर लिहा. अजहर ब्रश घेऊन तिथेच बसला होता.

"काका, फिटर म्हनलं तर लोकायले नळवाला वाटंन," गुलाबराव म्हणाले. त्यांचं खोटं नाही. आपल्याकडे फिटर म्हणजे हातपंपाचा दांडा बसवायला येणारा. अजहरने सुचवलं, 'बॉम्बर फिटर' करू. तर गुलाबराव म्हणे, बॉम्ब बसवणारा वाटेल, उद्या पोलीस विचारायला येतील. मग 'विमानतज्ज्ञ' निघालं, 'वायुयोद्धा' निघालं. अजहर म्हणाला, साहेब, लवकर ठरवा, निळा रंग डब्यात घट्ट होऊन राह्यला. बाबा प्रत्येक शब्दाला नाही म्हणत राहिले.

शेवटी गुलाबराव चिडले. पोराने सांगितलं तेव्हा गाव हसलं, आणि आता तुम्हीच तेच म्हणता, मग तेव्हा काऊन गप्प बसले होते?

"तवा त्यानं सांगतलं," बाबा म्हणाले. "सांगाले मी पाह्यजे होतो."

गुलाबरावांनी तोंड पुसलं. पाटी बदलतो म्हणाले, पण एका अटीवर. गावाला तुम्ही स्वतः सांगायचं, माइकवरून, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की सरपंचाने तुमचं नाव लहान केलं. बाबा हाव म्हणाले.

आणि तेव्हापासून ते घाबरलेत, दादा. जन्मात माइक धरला नाही त्यांनी. सकाळी गोठ्यात शेळ्यांसमोर तालीम चालते. आई म्हणते, शेळ्यायले पाठ झालं, याह्यले होत नाही.

ते मला 'त्याला बोलाव' म्हणालेले नाहीत. म्हणणारही नाहीत. परवा फक्त विचारत होते, तुझ्या बंगलोरची गाडी अकोल्याले येते का म्हणून. मी म्हटलं, येते. बरं, म्हणाले.

मीही आग्रह करत नाही. तुझ्या उत्तराची वाट बघत पुस्तक अडवून ठेवलेलं नाही, शेवटचं प्रकरण लिहून झालंय. तपासायला सोबत देत नाहीये. ते इथे ठेवलंय.

सारू


डोणगाव, २७ जानेवारी २०२६

दादा,

हे पत्र तू बंगळुरूला पोचल्यावर तुला मिळेल. आत्ता तू बाहेर अंगणात आहेस आणि मी आत चुलीपाशी बसून तुलाच लिहिते आहे. हे वेडेपणाचं आहे, पण कालचं मी तोंडाने बोलायला गेले तर आई म्हणेल, झालं सुरू.

तू किती वाजता आलास ते मला कळलंच नाही. मी पहिल्या ओळीत होते. बाबा उभे राहिले, अजहरच्या निळ्या पाटीवरचा कपडा निघाला: 'इंद्रभान हिवाळे, इंजिन फिटर, भारतीय वायुसेना'. खाली विज्ञान कक्ष. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मोठ्यांनी वाचलं आणि थांबले.

बाबांनी माइक फार जवळ धरला, शिट्टी वाजली. मग म्हणाले, "मी पायलट नव्हतो. इमान चालवनारे दुसरे होते. मी ते चालू करून देत जाओ." एवढंच पाठ केलं होतं त्यांनी. ते झालं आणि ते उभेच राहिले.

मागून कचरूकाकांनी विचारलं, मंग येवढे साल काऊन नाही सांगितलं, इंद्रभान? कुत्सित नव्हतं ते. दोघं एका वर्गातले, काकांनाही आयुष्यभर आपला मित्र पायलट होता. पण बाबांना उत्तर सुचेना. त्यांनी माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मी उठणार होते. माझ्या डोक्यात वाक्यही तयार होतं, चांगलं, समजूतदार.

तेवढ्यात तू गर्दीतून आलास, पाठीवरची बॅग तशीच. मैदान तेच, माइक तोच आणि तूही तोच. गुलाबरावही खुर्चीतून अर्धे उठले.

तू माइकला हात लावला नाहीस. बाबांच्या उजव्या बाजूला गेलास, कानाशी वाकलास आणि मैदानभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालास, "बाबा, सकाळी इंजिन चालू करायच्या आधी काय करत होते ते सांगा पोरायले."

बाबांनी वळून तुला पाहिलं. नाव घेतलं नाही, जवळ घेतलं नाही. नुसतं पाहिलं. आणि मग त्यांचे दोन्ही हात वर गेले.

रात्रभर उभ्या इंजिनात तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरून साचतं, ते म्हणाले. तसंच सुरू केलं तर इंजिन स्वतःलाच मोडून घेतं. म्हणून आधी पंखा हाताने फिरवायचा. एकाने पातं धरून खाली ओढायचं, पुढं निघून जायचं, मागच्याने दुसरं पातं धरायचं. पायलट यायच्या आधी, अंधार असताना. असं म्हणत त्यांनी चौथीतली चार पोरं पुढे ओढली आणि हवेतलं पातं ओढायला लावलं. पोरं चुकीच्या बाजूला पळाली. तू त्यांना वळवलंस. मग तू आणि बाबा, एकामागे एक, त्या नसलेल्या पंख्याभोवती चालत राहिलात, आणि कचरूकाका काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, मलेही दाखव बे.

प्रश्नाचं उत्तर बाबांनी दिलंच नाही. पुन्हा कुणी विचारलंही नाही.

दादा, मी शब्दांवर जगणारी बाई आहे. दोन महिने मी योग्य शब्द शोधत होते, 'चालवणे'ला पर्याय, पाटीला पर्याय, तुला इथे आणायला वाक्यं. आणि तू बाबांना फक्त असा प्रश्न विचारलास ज्याचं उत्तर त्यांना येत होतं. हे मला सुचलं नसतं.

रात्री जेवताना तुम्ही दोघंही तुमच्यातलं काही बोलला नाहीत. मला आधी वाईट वाटलं. मग तू बाबांना ताटातलं वांगं काढून दिलंस, त्यांनी ते खाल्लं, आणि आईने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे पुरे.

आज सकाळपासून तू शेवटचं प्रकरण घेऊन बसला आहेस, बाबा शेजारी. तुझ्याकडे लाल पेन नव्हतं म्हणून अजहरकडून त्याची कसली तरी पेन्सिल मागवलीस. तुम्ही भांडताय, लिबरेटरचं कुठलं इंजिन आधी सुरू करायचे त्यावरून. बाबा म्हणतात तिसरं, तू म्हणतोस पुस्तकात तसं नाही. बाबा म्हणतात, पुस्तक कोनं लिवलं, माह्या पोरीनं, तिले काय समजते. माझी काही हरकत नाही.

तुझं परतीचं तिकीट कधीचं आहे, हे विचारायचं मी सकाळपासून ठरवत होते. पण आत्ताच बाबा उठून गोठ्यात गेले आणि तिथून हाक मारली, "धम्मू."

तू म्हणालास, "आलो."

सारू